बंबाचे तोंड आणि गिझरची झडप



पौष महिना लागला म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातील पहाट मोठी कठोर होते. तेलंगणाच्या इतर भागांत लोक अंगावर एखादी शाल घेऊन भागवितात, तेव्हा पैनगंगेच्या काठच्या या मुलखात पारा दहा अंशांच्या खाली उतरलेला असतो, आणि एखाद्या वर्षी तो पाच अंशांच्या आसपासही जातो. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला पौष अमावास्येला जमणारे लोक शेकोट्यांच्या उजेडात रात्र काढतात. बेला, जैनथ, बोथ, उटनूर या बाजूच्या खेड्यांत उजाडण्यापूर्वी अंगणात शेणी-काटक्यांचा जाळ पेटतो आणि घरातील म्हातारीकोतारी माणसे त्याच्याभोवती हात पसरून बसतात. अशा दिवसांत घरातील पहिला प्रश्न चहाचा नसतो. आंघोळीच्या पाण्याचा असतो.

या प्रश्नाला मराठी घराने फार जुने आणि फार चांगले उत्तर शोधून ठेवले होते. ते उत्तर म्हणजे बंब. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा नांदेडकडे गेले, आणि राजुरा पुढे चांद्याकडे गेले; पण सीमेच्या रेषेने घरातील भांडी काही बदलली नाहीत. अलीकडे आणि पलीकडे न्हाणीघराच्या कोपऱ्यात तोच तांब्याचा बंब, तेच घंगाळ आणि तीच कढत पाण्याची वाफ. ज्या घरी बंबाची ऐपत नव्हती, तेथे चुलीवर हंडा किंवा तपेले चढत असे.

बंबाची रचना किती साधी आणि किती शहाणपणाची आहे, हे त्याला रोज चिंचेने घासणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. मधोमध एक उभी नळी. तिच्यात वरून ढलप्या किंवा कोळसे टाकावयाचे. राख खाली पडते आणि धूर वर जातो. नळीच्या सभोवती पाणी. एका बाजूच्या तोंडाने गार पाणी ओतावयाचे आणि तोटीने कढत पाणी घ्यावयाचे. त्या तोंडाला फार तर एक सैल झाकण असते. बंब विसरला गेला, जाळ जास्त झाला, पाणी खळखळू लागले, तरी काय होते? वाफ त्या तोंडाने बाहेर पडते, झाकण खुळखुळते, थोडे पाणी उतू जाते आणि घरातील कोणीतरी ओरडते, “अगं, बंब उकळतोय!” एवढेच. बंबाला सुरक्षिततेसाठी निराळी झडप लावण्याची पाळी कधी आली नाही, कारण त्याचे तोंड हीच त्याची झडप होती.

आता बंब गेला. तो जुन्या भांड्यांच्या दुकानात, नाहीतर हौशी माणसांच्या दिवाणखान्यात दिसतो. त्याच्या जागी न्हाणीघराच्या भिंतीवर पांढराशुभ्र गिझर आला. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. कळ दाबावी आणि पाऊण तासाने ऊन पाणी घ्यावे. सासूबाईंच्या डोळ्यांचा धूर गेला आणि सूनबाईंची पहाटेची एक खेप वाचली, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु या बदलात एक गोष्ट गुपचूप घडली. बंबाला तोंड होते. गिझरची टाकी सर्व बाजूंनी बंद आहे. उघड्या भांड्यातील पाणी तापविणे आणि बंद भांड्यातील पाणी तापविणे या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत. आजचे हे भाषण त्या भेदाविषयी आहे, आणि तो भेद सांभाळणाऱ्या, बोटभर लांबीच्या एका झडपेविषयी आहे.

पाणी तापले की फुगते, हे शाळेतील मुलालाही पाठ असते. पण किती फुगते? पंचवीस लिटरचा एक गिझर घ्या. थंडीतल्या पहाटे त्यात दहा-बारा अंशांचे पाणी भरले आणि ते पासष्ट अंशांपर्यंत तापविले, तर ते पाणी सुमारे अर्ध्या लिटरने वाढते. म्हणजे चांगले दोन पेले पाणी. हे दोन पेले पाणी टाकीत मावत नाही, कारण टाकी अगोदरच काठोकाठ भरलेली असते. हवा दाबली म्हणजे आक्रसते. पाणी मात्र दाबून लहान करता येत नाही, निदान माणसाच्या रोजच्या व्यवहारातील बळाने येत नाही. मग या दोन पेल्यांनी जावे कोठे?

पुष्कळ घरी त्यांना जावयास वाट असते. गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिच्यातून नळ खाली गिझरला येतो, आणि त्या वाटेत अडथळा नाही, असे असले तर वाढलेले पाणी त्याच नळाने हळूच मागे सरकते. कोणाला पत्ताही लागत नाही. पण ही वाट दोन कारणांनी बंद होऊ शकते. पहिले असे की, गच्चीवरची टाकी रिकामी झाली असता गिझरमधील पाणी उलटे ओसरून जाऊ नये आणि आतील तापवणारी सळई कोरडी जळू नये, म्हणून पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप नळावर बसविलेली असते. ती योग्यच आहे. पण ती पाण्याची परतीची वाट बंद करते. दुसरे कारण त्याहून साधे. दुरुस्तीसाठी म्हणून कोणी गिझरच्या मागचा नळ बंद करतो आणि पुन्हा उघडावयास विसरतो. या दोन्ही प्रसंगी गिझर म्हणजे चहूकडून शिवलेली थैली होते. आत पाणी फुगत असते आणि बाहेर दार नसते.

या ठिकाणी सुटकेची झडप कामास येते. तिची रचना बंबाइतकीच साधी आहे. एका छिद्रावर एक चकती आणि चकतीवर एक स्प्रिंग. आतील पाण्याचा दाब स्प्रिंगच्या दाबाहून कमी असेल तोवर चकती छिद्रावर घट्ट बसते. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की चकती उचलली जाते, थोडे पाणी बाहेर पडते, दाब उतरतो आणि स्प्रिंग पुन्हा दार लावून घेते. तिला वीज लागत नाही, माणसाची आज्ञा लागत नाही. घरातील सर्वजण झोपलेले असोत वा जत्रेला गेलेले असोत, ती आपले काम करते. आजकाल भारतातील बहुतेक गिझरांबरोबर येणाऱ्या एकाच पितळी तुकड्यात पाणी परत न जाऊ देणारी आणि दाब सोडणारी अशा दोन्ही झडपा असतात. गार पाणी टाकीत शिरते तेथेच तो बसवितात.

गिझरच्या पाटीवर पुष्कळदा “८ बार” असे लिहिलेले असते. ते कोणी वाचत नाही, आणि वाचले तरी त्याचा अर्थ विचारीत नाही. दहा मीटर उंच पाण्याच्या खांबाचा तळाशी जो दाब पडतो, तो जवळजवळ एक बार. गच्चीवरची टाकी गिझरच्या चार मीटर वर असेल तर गिझरवर अर्ध्या बाराहूनही कमी दाब येतो. सात-आठ मजली इमारतीत खालच्या मजल्यावर तो दोन-अडीच बार होतो. आठ बार म्हणजे ऐंशी मीटर उंचीचा पाण्याचा खांब. दर चौरस सेंटिमीटरवर आठ किलोंहून किंचित अधिक भार. फूटभर व्यासाच्या टाकीच्या नुसत्या एका टोकावर हा भार साडेपाच टनांच्या पुढे जातो. म्हणजे कापसाने भरलेला एक लहान ट्रक त्या टोकावर उभा केल्यासारखे आहे. टाकी तो सोसते, कारण ती तेवढ्यासाठीच केलेली असते. त्यापुढे काय सोसेल, हे कोणी सांगू नये आणि कोणी पाहू नये.

येथे कोणी विचारील की, गिझर ठरलेल्या उष्णतेला आपोआप बंद होतो, मग एवढी चिंता कशाला? प्रश्न रास्त आहे. चांगल्या गिझरात तीन पहारेकरी असतात. पहिला, पाणी ठरल्याइतके तापले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट. दुसरा, पहिला चुकला तर त्याहून वरच्या उष्णतेला वीज तोडणारा. तिसरी ही सुटकेची झडप. पहिले दोघे विजेच्या घराण्यातले आहेत. रोज उघडमीट होऊन त्यांचे संपर्कबिंदू झिजतात. एखादे वेळी ठिणगीने ते एकमेकांना चिकटून बसतात आणि मग वीज तुटतच नाही. कित्येक ठिकाणी गिझर वारंवार बंद पडतो म्हणून कोणी अर्धवट माहितीचा मिस्त्री हे पहारेकरी काढून तारा सरळ जोडून देतो आणि “आता पाणी मस्त गरम येईल” असे सांगून पैसे घेऊन जातो. पाणी मस्त गरम येतेही. संकट तेव्हाच घरात शिरलेले असते.

हिशेब करून पाहावा. दोन किलोवॉटचा गिझर पंचवीस लिटर पाणी बारा अंशांपासून पासष्ट अंशांपर्यंत सुमारे पाऊण तासात तापवितो. त्या वेळी वीज तुटली नाही तर, बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली असता, आणखी सुमारे सव्वा तासात तेच पाणी दीडशे अंशांवर जाईल. बंबातील पाणी शंभर अंशांच्या पुढे कधीच जात नाही, कारण ते उघडे असते. तेथे जादा उष्णता वाफ होऊन निघून जाते. बंद टाकीतील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या पुढेही पाणीच राहते. ते जणू दबा धरून बसलेले असते. अशा वेळी टाकी फाटली तर दाब एकदम नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा सुमारे दहावा भाग क्षणार्धात वाफ होतो. अडीच लिटर पाण्याची वाफ म्हणजे जवळजवळ चार घनमीटर. लहानसे न्हाणीघर साधारण तेवढेच असते. ती वाफ एका क्षणात, टाकीचे तुकडे पुढे ढकलीत, जागा मागते. दोन तासांचा हा काळ किती असतो? सकाळी पाच वाजता कळ दाबली, पहिल्याची आंघोळ झाली, पाहुणे आले, बोलण्यात कळ तशीच राहिली, आणि सात वाजता शाळेची घाई असलेले मूल टॉवेल घेऊन दाराशी गेले. एवढाच.

वाफेचे हे बळ ओळखून तिला दार ठेवण्याची युक्ती माणसाला साडेतीनशे वर्षांपूर्वी सुचली, आणि गमतीची गोष्ट अशी की ती स्वयंपाकाच्या भांड्यासाठी सुचली. दनी पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडेसुद्धा मऊ शिजविणारे एक बंद भांडे मांडले. त्या भांड्याच्या झाकणातील छिद्रावर त्याने एक दांडा आणि त्याला लटकविलेले वजन अशी झडप बसविली. वाफेने वजन उचलले की ती बाहेर पडावी. आज घरोघरी शिट्टी मारणारा कुकर हा त्या भांड्याचा थेट वंशज आहे. कुकरची शिट्टी म्हणजे गृहिणीला मिळालेली वेळेची सूचना असे आपण समजतो. वस्तुतः ती भांडे न फुटल्याची पोच आहे. आणि शिट्टीचे छिद्र डाळीच्या सालीने बुजले तर दुसरी वाट असावी म्हणून झाकणावर किंवा झाकणाच्या कडेला आणखी एक उपाय केलेला असतो.

पुढे वाफेची इंजिने आली आणि झडपेचा खरा शत्रू कोण हे कळून आले. तो शत्रू वाफ नव्हे. तो शत्रू म्हणजे झडपेच्या आवाजाला कंटाळलेला माणूस. १८०३ साली इंग्लंडात ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसे गेली. त्यानंतर त्याने आपल्या बॉयलरला एकाऐवजी दोन झडपा ठेवल्या आणि पाणी आटले तर वितळून वाट देणारे शिशाचे बूचही बसविले. १८३१ साली अमेरिकेतील चार्ल्स्टन येथे ‘बेस्ट फ्रेंड’ या रेल्वे इंजिनाचा बॉयलर फुटला. तेथील आगवाल्याला झडपेतून सुटणाऱ्या वाफेचा फुसफुसाट नकोसा झाला आणि त्याने तिचा दांडा दाबून धरला, असे त्या अपघाताविषयी सांगतात. काही वेळ शांतता झाली. मग स्फोट झाला, आणि तो आगवाला प्राणाला मुकला. इंजिनवाले अधिक जोर मिळावा म्हणून झडपा बांधून ठेवतात, हे पाहून जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याला १८५५ च्या सुमारास हात लावून बिघडविताच येणार नाही अशी झडप रचावी लागली. म्हणजे झडप दाबाविरुद्ध तर केलेलीच होती. आता ती माणसाविरुद्धही करावी लागली.

भारतातही हा धडा रक्त सांडूनच शिकला गेला. १८६३ साली कलकत्त्यात एक मोठा बॉयलर फुटून जीवितहानी झाली आणि दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरांच्या तपासणीचा कायदा झाला. १९२३ साली साऱ्या देशासाठी बॉयलरांचा कायदा झाला, आणि शंभर वर्षे चालल्यानंतर २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. गिरणीतील, कागदाच्या कारखान्यातील, साखर कारखान्यातील बॉयलरला नोंदणी आहे, तपासणी आहे, दाखला आहे, निरीक्षक आहे. घरातील गिझर वाफ निर्माण करण्यासाठी नसतो, म्हणून तो या जाळ्याबाहेर राहतो. तो विकताना त्यावर भारतीय मानकाचा शिक्का असावा लागतो. परंतु एकदा तो भिंतीवर चढला की त्याच्याकडे पाहण्यास कोणताही निरीक्षक येत नाही. घरधनी हाच त्याचा निरीक्षक, आणि घरधन्याला बहुधा ते ठाऊक नसते.

थंड देशांत तर सारे घरच असे तापविले जाते. तेथे तळघरात किंवा स्वयंपाकघरात एक बॉयलर असतो, त्याचे ऊन पाणी नळ्यांनी खोलीखोलीतील लोखंडी फण्यांत फिरते, आणि पाण्याच्या फुगण्याला जागा मिळावी म्हणून एक फुगती टाकी व तीही पुरी पडली नाही तर सुटकेची झडप असते. ब्रिटनमधील घरांत ही झडप साधारणतः तीन बारांवर उघडणारी असते. नोकरी-शिक्षणानिमित्त तेथे गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्या हिवाळ्यात या यंत्राशी ओळख करून घ्यावी लागते. आपल्याकडे सारे घर तापविण्याचे कारण नाही. पण त्या घरातील बॉयलर आणि आपल्या न्हाणीघरातील गिझर यांना लागू असणारा नियम एकच आहे.

हा नियम मोडला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण ऐकविण्यासारखे नाही, पण ऐकविले पाहिजे. १९ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात स्पेन्सर येथील स्टार प्राथमिक शाळेत मुले जेवणाच्या खोलीत बसली होती. शेजारच्या स्वयंपाकघरात पाणी तापविण्याची टाकी होती. ती फुटली. मधली भिंत मुलांच्या अंगावर आली. सहा मुले आणि एक शिक्षिका मृत्यू पावली. कित्येक जण जखमी झाले. चौकशीत असे दिसून आले की, उष्णता आवरणारी यंत्रणा बिघडली होती, आणि तिच्या पाठीशी असावयाची सुटकेची झडपही आपले काम करण्याच्या स्थितीत नव्हती. तो कारखाना नव्हता. तो बॉयलर नव्हता. भांडी धुण्यासाठी, हात धुण्यासाठी पाणी तापविणारी ती एक टाकी होती.

आता आपल्या न्हाणीघराकडे यावे. एका घराची कल्पना करा. नवा गिझर बसला आहे. दोन दिवसांनी आजोबांच्या ध्यानात येते की, गिझरखालच्या पितळी तुकड्यातून पाणी टपटपते. प्लंबरला बोलावणे जाते.

“भाऊ, नवाकोरा गिझर आणि गळतो कसा?”

“काका, गळत नाही तो. पाणी तापतं तेव्हा तिथून सोडतो.”

“अहो, पण फरशी ओली होते. काहीतरी बूच मारून टाका ना!”

येथे त्या प्लंबरची परीक्षा असते. समजूतदार असेल तर तो म्हणेल, “काका, बूच मारत नाही. नळी लावून मोरीत सोडतो.” अडाणी किंवा घाईचा असेल तर तो लाकडाची खुंटी ठोकील, आटे असलेले टोपण फिरवील, नाहीतर लुकणाचा गोळा लावून मोकळा होईल. फरशी कोरडी होईल. आजोबा समाधान पावतील. चार्ल्स्टनच्या त्या आगवाल्यालाही क्षणभर असेच समाधान मिळाले असेल. ज्या घरी सर्वांना वाटते की गळती थांबली, त्या घरी खरोखर काय थांबले आहे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

पाणी तापत असताना झडपेतून काही थेंब पडणे हा दोष नव्हे. ते त्या दोन पेल्यांतील पाणी आहे. मात्र गिझर बंद असतानाही धार लागून राहत असेल, तर दोन गोष्टी संभवतात. एकतर वरून येणाऱ्या पाण्याचा दाबच अधिक आहे. उंच इमारतीत किंवा दाब वाढविणारा पंप बसविलेल्या घरी असे होते, आणि तेथे दाब कमी करणारी झडप मुख्य नळावर लावावी लागते. नाहीतर चकतीखाली क्षाराचा खडा अडकला आहे. बोअरचे जड पाणी ज्या गावांना प्यावे लागते, त्यांना भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर परिचित आहे. तोच थर गिझरच्या सळईवर बसतो आणि तोच झडपेवरही बसतो. त्याचे दुसरे रूप अधिक वाईट. चकती अर्धवट उघडी न राहता कायमची चिकटून जाते. मग थेंबही पडत नाही, तक्रारही होत नाही, आणि झडप आहे म्हणून सर्वजण निश्चिंत राहतात. गळणारी झडप निदान बोलते. चिकटलेली झडप मुकी असते.

म्हणून प्रत्येक घरी पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली, झडप आहे की नाही. जुना गिझर काढून नवा बसविताना पेटीतून आलेला तो पितळी तुकडा “याची काय गरज” म्हणून खिडकीत पडून राहिलेला पुष्कळदा आढळतो. दुसरी, तिच्यावर लिहिलेला दाब टाकीच्या दाबाहून अधिक नसावा, आणि तिच्या अंगावरील बाण पाणी वाहण्याच्या दिशेकडे असावा. तिसरी, झडप आणि टाकी यांच्यामध्ये दुसरा कोणताही बंद करता येणारा नळ नसावा. नळ हवा तर तो झडपेच्या अलीकडे, पाणी येण्याच्या बाजूला असावा. चौथी, झडपेच्या तोंडाला लावलेली नळी खाली उतरती, मोरीपर्यंत जाणारी, शेवटी उघडी आणि डोळ्यांना दिसेल अशी असावी. तिच्यातून कढत पाणी येऊ शकते. तेव्हा ती आंघोळ करणाऱ्याच्या अंगावर नसावी. पाचवी, दर सहा महिन्यांनी, वीज बंद करून आणि टाकीतील पाणी निवल्यावर, झडपेला असलेली लहानशी दांडी उचलून पाहावी. पाणी आले आणि दांडी सोडताच थांबले, तर झडप जिवंत आहे. पाणी आलेच नाही किंवा थांबलेच नाही, तर ती बदलावी. दसरा आला की घरातील हत्यारांची पूजा होते; त्याच दिवशी ही दांडी उचलली तर थंडीच्या तोंडावर तपासणी आपोआप होईल.

आणखी एक सूचना. तोटीतून पाण्याऐवजी वाफ फुसफुसत येऊ लागली, गिझरमधून गुरगुरण्याचा किंवा ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला, तर त्याच्याजवळ जाऊ नये, त्याला हात लावू नये आणि गार पाण्याचा नळ बंद करू नये. घराचा मुख्य स्विच बंद करावा, मुलांना व म्हाताऱ्यांना त्या भागातून बाहेर काढावे, आणि टाकी पुरती निवेपर्यंत तेथे कोणास जाऊ देऊ नये. शूरपणा दाखविण्याची ही जागा नव्हे. तो गिझर माहितगाराने पाहिल्यावाचून पुन्हा सुरू करू नये, हे सांगावयास नकोच.

नागपूर आणि हैदराबाद या दोन शहरांना जोडणारा मोठा रस्ता आदिलाबादवरून जातो आणि दोन्हीकडचा माल येथे येऊन पडतो. त्यात चांगलेही असते आणि नुसते चकचकीतही असते. गिझर घेताना लोक रंग पाहतात, टाकी किती लिटरची ते पाहतात, विजेची बचत दाखविणारे तारे मोजतात. ते सर्व पाहावे, पण दुकानदाराला एक प्रश्न अधिक विचारावा: “याची झडप कोठे आहे?” आणि बसविणाऱ्याला दुसरा: “तिचे पाणी कोठे सोडले?” या दोन प्रश्नांना पैसे पडत नाहीत. झडपेची किंमतही गिझरच्या किमतीचा अगदी लहान भाग असते.

बंबाच्या काळातील माणसांना दाब, बार, स्प्रिंग हे शब्द ठाऊक नव्हते. पण पाणी तापवायचे तर त्याला तोंड ठेवले पाहिजे, एवढे त्यांच्या हातांना ठाऊक होते. बंद भांडे कोणी चुलीवर चढवीत नसे. हंड्यावरचे ताटसुद्धा किंचित तिरके ठेवीत. नव्या यंत्राने सोय दिली आणि ते तोंड एका बोटभर झडपेत आणून ठेवले. ती झडप टपटपत असेल तर टपटपू द्यावी. तिच्याखाली एक नळी लावावी, फरशी पुसून घ्यावी, आणि पहाटेच्या थंडीत निर्धास्तपणे मुलांना आंघोळीला पाठवावे.